तिसऱ्या मजल्यापर्यंतची वायर

पुण्यात एरंडवणे, कोथरूड, कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्ल्या या भागांत १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या तीनमजली, बिनलिफ्टच्या इमारती अजून बऱ्याच आहेत. त्या बांधल्या तेव्हा विजेचा हिशोब सरळ होता. दर खोलीला एक ट्यूब, एक पंखा, दाराशेजारी काळा गोल खटका आणि रेडिओसाठी दोन पिनांचा प्लग. स्वयंपाकघरात मिक्सर आणि इस्त्री यांना मिळून एक पॉवर पॉइंट. अंघोळीचं पाणी बंबावर तापायचं. घरात शिरल्या शिरल्या भिंतीवर लाकडी पाट, त्यावर मेन स्विच आणि चिनीमातीचे दोन-तीन कटआउट.

त्याच वायरींवर आता एसी चालतो, गिझर चालतो, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, इंडक्शन शेगडी आणि इन्व्हर्टर चालतो. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी खिडकीतून एक्स्टेन्शन सोडून विजेवरची स्कूटर चार्ज करत असतो. अशा सोसायट्यांच्या जिन्यात दोन विषय कायम निघतात : पुनर्विकास कधी, आणि काल रात्री लाइट का गेली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. पहिल्याचं उत्तर मिळत नाही म्हणून दुसऱ्याचं शोधलं जात नाही.

खालचा संवाद दोन कल्पित माणसांचा आहे, पण प्रत्येक जुन्या सोसायटीत ही दोघं सापडतील. काका बँकेतून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहणारे, वर्षानुवर्षं सोसायटीचे सचिव. मीनल सासूबाईंच्या पश्चात तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आलेली. ती औषधांच्या कंपनीत गुणवत्ता-तपासणीत आहे, त्यामुळे कुठल्याही कामाचा कागद मागायची तिला सवय.

काका : सगळं घर उकरणार म्हणे तू?

मीनल : उकरत नाही काका. वायरी बदलायच्यात.

काका : तेच ते. तुझ्या सासूबाई ४५ वर्षं राहिल्या याच वायरींवर. एकदा तरी काही झालं का?

मीनल : त्यांच्याकडे बंब होता, काका. कपडे बाई धुवायच्या. माझ्याकडे काय आहे ते मोजा. २ किलोवॅटचा गिझर, म्हणजे एकटाच ९ अँपिअरच्या आसपास ओढतो. दीड टनाचा एसी ७-८. इंडक्शन पूर्ण आचेवर असली की ती गिझरइतकीच. सकाळी सातला हे सगळं एकदम चालू असतं आणि त्या सगळ्यांना मिळून मागे वायर एकच.

काका : मग एका वेळी एकच लाव ना. आमच्याकडे इस्त्री लावली की मिक्सरला कोणी हात लावत नसे. घराला शिस्त लागते.

मीनल : मला असेल हो शिस्त. आमच्या मावशी ओट्यावर कुकर लावतात तेव्हा आत मुलाने गिझर लावलाय का, हे विचारत बसतात का? आणि तुम्ही आमच्या स्वयंपाकघरातल्या बोर्डाला हात लावून बघा. कोमट लागतो. खटक्याभोवतीची पट्टी पिवळी पडलीय.

काका : खटका बदलून टाक. किरकोळ काम आहे.

मीनल : बदलला. पुन्हा पिवळा पडला. उष्णता खटक्यातून येतच नाहीये, ती खटक्यामागच्या स्क्रूखालून येतेय. आत ॲल्युमिनियमची वायर आहे.

काका : ती सगळ्यांच्याच घरात आहे. तेव्हा तांबं परदेशातून यायचं, परकीय चलनाची ओढाताण. सरकारच सांगत होतं ॲल्युमिनियम वापरा म्हणून. बिल्डरने काही फसवलं नाही आपल्याला.

मीनल : फसवलं असं मी म्हणतच नाही. रस्त्यावरच्या खांबांवरच्या ताराही ॲल्युमिनियमच्याच असतात आणि त्या चांगल्या चालतात. पण खांबावरची तार जाड असते, तिची जोडणी दाबून पक्की केलेली असते. घरातल्या बारीक वायरीचं तसं नाही. एक तर तांब्याच्या तुलनेत ॲल्युमिनियम साधारण ६० टक्केच वीज वाहू शकतं. वर त्याच्यावर हवेने ऑक्साइडचा थर धरतो आणि तो थर वीज नीट जाऊ देत नाही. शिवाय स्क्रूखाली दाबून ठेवलं की हा मऊ धातू हळूहळू पसरत जातो. गरम झाला की तांब्यापेक्षा जास्त फुगतो, थंड झाला की आकसतो. असं रोज सकाळ-संध्याकाळ होत राहिलं की स्क्रू आपोआप ढिला. ढिल्या जागी अडथळा जास्त, म्हणून ती जागा आणखी तापते, आणि तापली की आणखी ढिली होते.

काका : मग दरवर्षी दिवाळीआधी स्क्रू आवळून घे. तेवढ्यासाठी घर फोडायचं?

काकांचं हे म्हणणं हसण्यावारी न्यायचं नाही. जुन्या घरातल्या बऱ्याच तक्रारी ढिल्या जोडांच्या असतात आणि स्क्रू आवळणं हा त्यावरचा सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत दुर्लक्षित उपाय. ज्यांना आज बाकी काहीच करता येत नाही त्यांनी मेन बंद करून एवढं तरी करून घ्यावं. फक्त ॲल्युमिनियमच्या वायरीची अडचण अशी की इतक्या वर्षांनी तिचं टोक ठिसूळ झालेलं असतं. आवळायला गेलं की तुटतं. तुटलं की वायरमन आणखी थोडी वायर ओढून पुन्हा स्क्रूत घालतो, आणि दोन-तीनदा असं झालं की पाइपातून ओढायला वायर शिल्लकच राहत नाही. मग तो करतो ते सगळ्यांत वाईट : तांब्याचा तुकडा घेतो, ॲल्युमिनियमला पीळ देतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि बोर्ड बंद करतो. दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीत असा जोड लपलेला असणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

काका : बरं, वायर जुनी. पण फ्यूज आहेत ना? जास्त झालं की उडेल फ्यूज. त्याचं कामच ते. मी स्वतः तार घालतो अजून.

मीनल : कुठली तार घालता?

काका : असते घरात.

मीनल : फ्यूजची, का कुठल्यातरी जुन्या वायरीतले दोन पदर काढून?

काका : एकेरी घातली की सारखी उडते. दोन पदर घातले की टिकते.

मीनल : टिकते म्हणजे ती उडायचं विसरते. पूर्वी वायर तापायच्या आत फ्यूज जायचा, आता फ्यूज जायच्या आत वायर तापेल. तशी फ्यूजची योग्य तार घातली तरी ती ठरलेल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट प्रवाह झाल्यावर वितळते. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा खटका, त्याहून लवकर पडते. १६ अँपिअरची असेल तर २३च्या आसपास प्रवाह राहिला की तासाभरात पडलीच पाहिजे, असं तिचं मानक आहे. शॉर्ट झालं तर तत्क्षणी.

काका : आणि पडते म्हणून तुमचे हे नवे इलेक्ट्रिशियन काय करतात माहीत आहे? दुसऱ्या मजल्यावर बघून ये. एसी लावला, १६ची एमसीबी पडायला लागली, तर त्या पोराने ३२ची बसवून दिली. वायर तीच. आता सांग, माझे दोन पदर आणि त्याची ती चकचकीत ३२ची डबी, यांत फरक काय?

मीनल : काहीच नाही.

काका : मग?

मीनल : मग दोघंही चूक. एमसीबीचा आकडा वायरीवरून ठरतो. कुठलं यंत्र लावायचंय त्यावरून नव्हे. ती त्या वायरीची राखणदार आहे. वायर न बदलता एमसीबी मोठी करणाऱ्याला मी घरात घेणार नाही.

काका : त्याच्याकडे आयटीआयचं प्रमाणपत्र आहे म्हणे.

त्या ३२च्या डबीचं सांगून काकांनी मर्मावर बोट ठेवलं आहे. पाटावरचे कटआउट काढून त्या जागी पांढरी पेटी बसवली की घर आधुनिक झालं, असा एक समज आहे आणि तो पसरवण्यात धंद्याचाच फायदा आहे. पेटी दिसते, वायर दिसत नाही. बरीच कामं पेटीपाशी थांबतात ती म्हणूनच.

मीनल : आणि एमसीबी असली तरी ती माणसाला वाचवत नाही, हे ऐका. गिझरच्या पाण्यातून मला झटका बसला तर माझ्या अंगातून जाणारा प्रवाह १६ अँपिअरच्या पासंगालाही नसतो. एमसीबीला तो कळतच नाही. माणूस मरायला त्याच्या कितीतरी कमी पुरतं. त्यासाठी आरसीसीबी लागते. फेजने जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच ती बघत असते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पाव-अर्ध्या सेकंदाच्या आत बंद.

काका : बसवली होती. वरच्या मजल्यावर. बसवल्या दिवसापासून पडायला लागली. ट्यूब लावली की पडे. शेवटी वायरमनने काढून टाकली. म्हणाला, जुन्या घराला हे चालत नाही.

मीनल : जुन्या घराला चालत नाही असं नाही. जुन्या घरात काय चुकलंय ते ती दाखवते. आपल्याकडे न्यूट्रल मिसळलेले आहेत. हॉलच्या पंख्याची फेज एका कटआउटवरून, न्यूट्रल बेडरूमच्या लाइनवरून घेतलेला. तेव्हा वायर वाचवायला असं सर्रास करायचे. फ्यूजला फरक पडत नव्हता. आरसीसीबीला पडतो, कारण एका वाटेने गेलेला प्रवाह दुसऱ्या वाटेने परत येतो आणि तिला वाटतं गळती झाली. प्रत्येक लाइनचा न्यूट्रल वेगळा केला की ती गपचूप बसते. त्याला एक-दोन दिवस शोधाशोध करावी लागते. ते कष्ट नको म्हणून वायरमनने राखणदारच काढून टाकला.

काका : अर्थिंग आहे की आपल्याला. मी स्वतः पाहिलंय, बिल्डरने केलं होतं.

मीनल : कुठे आहे ते?

काका : नळाला तार बांधलीय बाथरूममध्ये.

मीनल : आणि नळ कधी बदलले आपण?

काका : ... गंजले म्हणून सगळे बदलले. मीच निविदा काढल्या होत्या.

मीनल : प्लॅस्टिकचे पाइप घातले. ती तार आता प्लॅस्टिकला बांधलेली आहे, काका.

या एका गोष्टीवर थोडं थांबायला हवं. अनेक जुन्या इमारतींत लोखंडी पाण्याच्या नळाला तार जोडून अर्थिंग साधलेलं असे, कारण नळ जमिनीतून येत. पुढे प्लंबिंग बदललं, त्याचं कौतुक झालं, पाण्याचा दाब वाढला. प्लंबरला विजेशी देणंघेणं नव्हतं, वायरमनला नळाशी. तीन पिनांचा प्लग भिंतीत तसाच राहिला, त्याच्या मोठ्या भोकात तारही राहिली, पण ती आता कुठेच जात नाही. याहून भयंकर प्रकारही करतात. टेस्ट लँप लावून कोणी बघितलं आणि अर्थिंग मिळालं नाही, तर प्लगच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. बल्ब पेटतो, मालक खूश. त्या घरात कधी न्यूट्रल तुटला की वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात. आणि ज्या निऑनच्या टेस्टरवर आपण सगळे विश्वास ठेवतो, त्याला यातलं काहीच कळत नाही. फेज आहे की नाही एवढंच तो सांगतो, तेही नेहमी खरं नाही.

काका : ठीक आहे. काम करायला हवं, मान्य. पण मग आपल्या वायरमनला सांग. तीस वर्षं येतोय. रात्री दहाला फोन केला तरी चपला घालून येतो. तू कुठला तरी ठेकेदार शोधून आणलास.

मीनल : परवानाधारक ठेकेदार. बल्ब, पंखा, फ्यूज, खटका बदलणं वेगळं. पण नवी लाइन टाकणं, भार वाढवणं अशी कामं परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायची, असा नियम आहे. १९५६च्या भारतीय वीज नियमांत होता, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांतही आहे.

काका : नियम मला सांगू नकोस. परवान्याची सही कशी मिळते ते मी बघितलंय. नव्या मीटरच्या वेळी टेस्ट रिपोर्ट लागला होता. ठेकेदार आला नाही, त्याने घर पाहिलं नाही. त्याच्या माणसाने शिक्का मारलेला कागद आणून दिला. ‘तपासले, योग्य आढळले.’ काय तपासलं? तुझ्या त्या ठेकेदाराचं मी सांगतो. पहिल्या दिवशी सुपरवायझर येईल, बोलेल गोड. दुसऱ्या दिवसापासून दोन पोरं येतील, हातात छिन्नी-हातोडा. त्यांच्याकडे ना परवाना ना शिक्षण. शेवटच्या दिवशी सुपरवायझर बिल घेऊन हजर. यापेक्षा आपला माणूस बरा. त्याला हे घर पाठ आहे. कुठल्या भिंतीत कुठला पाइप जातो हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नाही.

मीनल : हे खरं आहे.

काका : काय खरं आहे?

मीनल : घर पाठ असणं. त्या माहितीला किंमत आहे. पण आरसीसीबी काढून टाकणारा तोच ना?

काका : ... तोच.

इथे मी दोघांच्या मधे पडतो. परवाना हा कामाच्या दर्जाचा पुरावा नाही, हे काकांचं म्हणणं अनुभवाचं आहे आणि त्याला कोणी खोटं पाडू शकत नाही. पण परवाना नसणं हा दर्जाचा पुरावा तर मुळीच नाही. माझ्या मते माणूस निवडताना त्याला कामाआधी चार-दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तरापेक्षा त्याचा चेहरा बघावा. पहिला प्रश्न : तुमच्याकडे मेगर आहे का? हे साधन ५०० व्होल्टचा दाब देऊन वायरीवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजतं. सगळी उपकरणं आणि दिवे काढून, लाइन बंद करून मोजायचं. निदान १ मेगॅओम यायला हवा. आवरण वाळून तडकलेल्या घरात आकडा झरझर खाली येतो. ज्याने मेगर कधी हातात धरला नाही, तो काम झाल्यावर नेमकं काय तपासणार? ट्यूब पेटली, पंखा फिरला, पैसे द्या.

दुसरा प्रश्न दराचा. आपल्याकडे काम ‘पॉइंटवर’ ठरतं. एका पॉइंटचे इतके, पॉवर पॉइंटचे इतके. ही पद्धत ऐकायला सोपी असते, पण तिच्यात वायरीची जाडी दिसत नाही, न्यूट्रल वेगळा आहे का ते दिसत नाही, एका लाइनवर किती पॉइंट ओवले तेही दिसत नाही. जो ठेकेदार जेवढे जास्त पॉइंट एकाच लाइनवर ओवेल त्याचा तेवढा फायदा. म्हणून मालाचं बिल वेगळं मागावं : किती चौरस मिलिमीटरची वायर, किती बंडलं, कुठल्या कंपनीची. बंडल ९० मीटरचं असतं. त्यावर आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक असतो, तो बीआयएसच्या ‘केअर’ ॲपवर टाकून पाहता येतो. जुने वायरमन अजून ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ अशा भाषेत बोलतात. त्यांच्याशी त्या भाषेत बोलावं, पण बिलावर चौरस मिलिमीटरच लिहून घ्यावेत.

मीनल : मी ठेकेदाराला सांगितलंय, भिंत बुजवायच्या आधी प्रत्येक झिरीचा फोटो हवा. पेटीवर कुठली एमसीबी कशाची ते लिहिलेलं हवं. आणि शेवटी मेगरचे आकडे, सहीसकट.

काका : आणि भिंती? आपली बिल्डिंग पूर्ण आरसीसी नाही. कडेच्या भिंती विटांच्या आहेत, भार घेणाऱ्या. तुझी पोरं आडव्या झिऱ्या मारत सुटली तर खालच्या मजल्याला तडे जातील. सचिव म्हणून मी परवानगी देणार नाही.

मीनल : आडव्या मारणारच नाही. बाहेरून पट्टी.

काका : पट्टी? पूर्वीसारखी? तुझ्या त्या नव्या हॉलमध्ये?

मीनल : प्लॅस्टिकची केसिंग. दिसेल, दिसू दे. तुम्हीच म्हणता ना, पुनर्विकास होणार आहे.

काका : तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय! बिल्डर आज ना उद्या येईल. तू लाखभर भिंतीत पुरणार, आणि दोन वर्षांनी बुलडोझर. हे शहाणपण नव्हे.

मीनल : दोन वर्षांनी हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. पण समजा तुमचं खरं. म्हणून तर पट्टी. पट्टीतली वायर काढून नेता येते, पेटी काढून नेता येते, एमसीबी, आरसीसीबी सगळं काढता येतं. बुलडोझरला फक्त प्लॅस्टिक मिळेल. आणि सगळं आज करायचं नाहीये. आधी तीनच लाइन : गिझर, स्वयंपाकघर, एसी. प्रत्येकीला पेटीपासून स्वतंत्र फेज, न्यूट्रल आणि अर्थ. गिझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटर. त्या तीन लाइनींवर आरसीसीबी. ट्यूब-पंख्यांच्या जुन्या वायरी तशाच राहू देत, त्यांच्यावर भार कमी आहे. त्यांना फक्त ६ अँपिअरच्या एमसीबी. पुढे बघू.

काका : हे तुझ्या ठेकेदाराने सुचवलं?

मीनल : त्याला सगळंच काढायचं होतं. मी नाही म्हटलं. आणि आपला वायरमन त्याच्याबरोबर काम करेल. भिंतीत काय आहे ते तो दाखवेल, जोड आणि तपासणी ठेकेदाराची. त्याला रोज मिळेल, त्यालाही मेगर हाताळायला मिळेल.

काका : तो तयार झाला?

मीनल : आधी रुसला. मग म्हणाला, आरसीसीबी मी काढली नव्हती, तिने मला काढायला लावली.

काका : मग झालं तर. माझ्याकडे कशाला आलीस? घर तुझं, पैसे तुझे.

मीनल : कारण मीटर खाली आहे. जिन्याखालच्या त्या लाकडी पेटीत. तिथून माझ्या घरापर्यंत जी वायर येते ती १९७४ची आहे, ॲल्युमिनियमची, माझ्या घरातल्या जुन्या वायरींइतकीच बारीक. मी आत कितीही जाड तांबं घातलं तरी सगळं त्याच वायरीतून येणार. आणि अर्थिंगचा खड्डा मला तिसऱ्या मजल्यावर खणता येत नाही. तो खाली, आवारातच करावा लागेल.

काका : मीटरपर्यंत महावितरणचं.

मीनल : मीटरपर्यंत. मीटरनंतर आपलं. आणि त्या पेटीसमोर दोन स्कूटर उभ्या असतात, वर कोणीतरी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवलेत.

काका : ते माझे गठ्ठे आहेत. रद्दीवाला येत नाही हल्ली.

मीनल : काका.

काका : हलवतो. पण केबलचं तू म्हणतेस ते अवघड आहे. एक तर सगळ्यांचं मत घ्यावं लागेल. माझं घर मीटरपासून दहा फुटांवर, तुझं चाळीस. सगळ्यांना समान वर्गणी म्हटलं तर आम्ही तळमजल्यावाले ओरडणार. फुटावर लावलं तर तिसरा मजला ओरडणार. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरचे परदेशात आहेत, त्यांचं घर बंद. ते म्हणतील, आम्ही वीज वापरतच नाही.

मीनल : केबल ज्याची त्याने भरावी. अर्थिंगचा खड्डा आणि मीटरची पेटी मात्र सगळ्यांची. तुमच्याही घरातली नळाला बांधलेली तार प्लॅस्टिकलाच बांधलेली आहे.

काका : माझ्याकडे गिझर नाही.

मीनल : फ्रिज आहे. वॉशिंग मशीन आहे.

काका : ... तिला हात लावला की मुंग्या येतात कधी कधी. मी म्हटलं, पावसाळ्यामुळे.

मीनल : शनिवारी ठेकेदार येणार आहे मेगर घेऊन. तुमच्या घराचंही मोजू? पाच मिनिटांचं काम आहे.

काका : मोज. पण आकडा कुणाला सांगायचा नाही. वार्षिक सभेत विषय घालतो मी. तू मसुदा दे. आणि त्यात ‘संपूर्ण इमारतीचे रीवायरिंग’ असं काही लिहू नकोस, लोक घाबरतात, त्यांना वाटतं पुनर्विकास रद्द झाला. ‘मीटर पेटी व अर्थिंगची दुरुस्ती’ एवढंच लिही.

मीनल : कितवा विषय?

काका : सातवा. आधी पार्किंग.

मीनल : पार्किंगच्या आधी घ्या, काका. पार्किंग झाल्यावर गणपूर्तीच उरत नाही.